केंडाची बारी

माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली टीम मी श्रीवर्धनला, आमच्या सुपारीच्या वाडीत, विहिरीच्या कठड्यावर बसून बांधली, आणि ती अब्बांनी बुडवली. इतक्या वर्षांनीही हे वाक्य मी असंच लिहिणार. त्यात एक अक्षर बदलायची माझी तयारी नाही.

टीम म्हणजे राक्षसांची. हातात धरून खेळायचा तो व्हिडिओ गेम तेव्हा आमच्या गल्लीत फक्त आमच्याकडे होता. रानावनात फिरून तऱ्हेतऱ्हेचे राक्षस पकडायचे, त्यांना वाढवायचं आणि दुसऱ्याच्या राक्षसांशी लढवायचं, एवढीच त्याची गोष्ट. दुबईहून रजेवर येताना अब्बांनी दोन गेम आणले होते, एक भाईसाठी आणि एक माझ्यासाठी. भाई पुढे जहाजावर नोकरीला लागला आणि त्याचा गेम कपाटात पडून राहिला. मी कॉलेजात गेले तरी माझा सुटला नाही. अम्मी म्हणायची, "तुजा लग्न त्या डबीशीच लावून देऊ."

नुसतं खेळणं आणि स्पर्धेसाठी टीम बांधणं यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. नुसतं खेळताना जो राक्षस आवडला तो घ्यायचा. टीम बांधताना आवडीनिवडी गुंडाळून ठेवायच्या आणि प्रत्येकाला विचारायचं, तू काम काय करणार? एक हवा सगळ्यांच्या आधी फटका मारणारा. एक हवा मार खाऊन उभा राहणारा. एकाने पाऊस पाडायचा, म्हणजे पाण्यातल्या राक्षसांना जोर चढतो. माझा पाऊस पाडणारा लांब मानेचा होता, त्याचं नाव मी बगळा ठेवलं होतं. सगळ्यांचीच नावं मी खाडीवरून ठेवली होती. गेमने दिलेली परदेशी नावं आमच्या जिभेवर बसत नव्हती.

त्या वर्षी अब्बा कायमचे घरी आले. आमच्याकडे बाप हा रजेवर येणारा माणूस असतो. तो आला की घरात ईद. चांगली चादर निघते, पापलेटचा मधला तुकडा त्याच्या ताटात पडतो, आणि त्याने इकडची काडी तिकडे करायची नाही. बिचारा तिकडे राबराब राबतो, चार दिवस सुखाने खाऊ दे, असा सगळ्या मोहल्ल्याचा रिवाज. रजा संपली की विमानतळावर रडारड, आणि मग पुन्हा आपलं आपण. मी लहान असताना अब्बा गेल्यावर त्यांच्या उशीला येणारा अत्तराचा वास कमी होत जायचा, ते मला फार जिवावर यायचं.

आता ते रजेवर नव्हते. पण अम्मीची ईद काही संपेना. अब्बा पिशवी घेऊन मासळी आणायला निघाले की ती दारातच अडवायची. "ऱ्हाऊ द्या. दुबईवरून आलेला मानूस पिशवी घेऊन फिरतो, लोक काय म्हनतील? तुमी बसा." ते सुपारी सोलायला बसले की हातातलं काढून घ्यायची. विजेचं बिल, वाडीचं पाणी, माझी फी, सगळं ती एकटीने इतकी वर्षं रेटत आली होती आणि त्यात तिला कुणाची गरजही नव्हती. अब्बा बसायचे. ओटीवरच्या खुर्चीत इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे आणि रस्ता बघायचे.

अशात त्यांच्या जुन्या कंपनीतून फोन आला. गोदाम सांभाळायला माणूस हवा होता, व्हिसा तयार होता, यायचं असेल तर कळवा म्हणाले. अब्बांनी "कळवतो" म्हणून फोन ठेवला. मला ते घरी हवे होते. पण आमच्या घरात असलं कुणी तोंडाने बोलायचं नाही, म्हणून मी माझ्या परीने उपाय काढला.

अलिबागला एका दुकानाने जोडीची स्पर्धा ठेवली होती. दोघांनी मिळून दोघांशी लढायचं. मी कपाटातून भाईचा गेम काढला, चार्जिंगला लावला आणि अब्बांपुढे धरला. "मला जोडीदार पायजे. तुम्ही या." मनात हिशेब असा की माणसाला इथे कशाचं तरी वेड लागलं, की तो तिकडे जायचं नाव काढणार नाही. टीम मी अलिबागसाठी बांधत होते हे अर्धंच खरं. अब्बांना घरात अडकवण्यासाठी बांधत होते, हे बाकीचं अर्धं.

ते नाही म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "दाव."

अब्बा शिकले, आणि मन लावून शिकले. गेममध्ये चांगला राक्षस हवा तर अंडं मिळवायचं आणि ते फुटेपर्यंत आपल्या माणसाला रस्त्यावर इकडून तिकडे फिरवत राहायचं. ह्या कामाचा मला भयंकर कंटाळा. अब्बांना तेच आवडलं. विहिरीवर बसून तासन्‌तास ते एकाच रस्त्यावरून येरझाऱ्या घालायचे आणि अंडं फुटलं की मला हाक मारायचे, "बाय, आला बग!" त्यांचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. त्या दुपारी मला हव्याहव्याशा वाटायच्या. वाडीत गारवा असायचा, पंपाचं पाणी पाटातून सुळसुळत जायचं आणि अम्मी मागच्या दारातून चहा आणून द्यायची. बापाशी इतकं बोलणं मी त्याआधी कधी केलं नव्हतं, आणि ते सगळं राक्षसांबद्दल होतं.

भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. राक्षसाला वाढवताना त्याला ठरावीकच गुण देता येतात. शहाण्याने ते एका जागी ओतायचे, म्हणजे एक जण नुसता वेगवान, दुसरा नुसता दणकट. अब्बांनी सगळ्यांना सगळं सारखं वाटलं. सहाच्या सहा राक्षस एकसारखे मध्यम. मी कपाळावर हात मारला. "अब्बा, ही काय कुर्बानीची वाटणी हाय का, सगळ्यांना सारखं?" ते हसले आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं.

मग त्यांची टीम खरोखर छान झाली. त्यात निवटी होती, खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या माशाच्या नावाची, पाऊस पडला की सळकन पळणारी. माझ्या बगळ्याने पाऊस पाडायचा, अब्बांच्या निवटीने कुणी हलायच्या आत फटका मारायचा. ह्यावर आमचा सगळा डाव. आणि त्यात एक केंड होता. जाळ्यात आलेला केंड मासा कोळी परत फेकून देतात, नुसता पोट फुगवून पडतो. हा राक्षसही तसाच, गोल, आळशी, जोडीदारावर येणारा मार स्वतःवर घ्यायचा आणि गप्प बसायचा. तो मी भरतीला म्हणून ठेवला होता. टीममध्ये सहा जण ठेवावेच लागतात, पण प्रत्येक सामन्यात त्यातले तीनच मैदानात नेता येतात. बाकीचे तिघे बाहेर बसतात. समोरच्याकडे काय आहे ते बघून आपले तीन निवडायचे, ह्यातच अर्धी अक्कल.

आम्ही पहाटेच निघालो. दिघीला फेरीबोट पकडून आगरदांड्याला उतरलो आणि तिथून एसटीने अलिबाग. अब्बा विमानाला जाताना करायचे तसा थाट करून आले होते, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली आणि अत्तर. दुकानाच्या माडीवर सगळी कॉलेजची पोरं. एकाने त्यांना खुर्ची दिली आणि म्हणाला, "काका, पालकांनी इथे बसायचं." अब्बा म्हणाले, "मी खेळायला आलोय." मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

पहिला सामना आम्ही धुऊन काढला. बगळा, पाऊस, निवटी, खेळ खल्लास. समोरच्या दोघांना आपण कशाने मेलो ते कळलंसुद्धा नाही. अब्बांनी उठून त्यांच्याशी हात मिळवला.

दुसऱ्या सामन्यात समोर आग ओकणारे राक्षस होते. पाण्याच्या टीमला याहून सोपं गिऱ्हाईक मिळत नाही. मी बगळा उतरवला, पाऊस पाडला आणि शेजारी निवटीची वाट बघत राहिले. उतरला केंड.

"अब्बा, निवटी कुठंय?"

"ती बसलीय. मगाशी तीच लढली ना."

"मग?"

"मग आता ह्यांची बारी."

पहिल्या सामन्यात बाहेर बसलेले तिघेच्या तिघे त्यांनी ह्या वेळी आत घेतले होते. निवड करून झाली की ती बदलता येत नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. केंडाने त्याच्या परीने केलं, माझ्या बगळ्यावर येणारा प्रत्येक फटका स्वतःच्या अंगावर घेत तो किती तरी वेळ टिकला, आणि अब्बा लहान मुलासारखे "शाबास, शाबास" करत राहिले. पण त्याला मारता काही येत नव्हतं. आम्ही अगदी थोडक्यात हरलो. जिंकलेली पोरं उड्या मारत होती आणि अब्बा त्यांच्याशीही हात मिळवत होते.

आगरदांड्यापर्यंत मी तोंड फिरवून एसटीच्या खिडकीबाहेर बघत बसले. फेरीबोटीत गाड्यांच्या मागे कठड्याला टेकून आम्ही उभे राहिलो. ऊन उतरत होतं, खाडीवर गार वारा होता, आणि मला दुसरंच काहीतरी डाचत होतं. हरलो, म्हणजे संपलं. आता हे उद्या कंपनीला फोन करणार.

"कशाला केलंत असं?" मी विचारलं. "जिंकत होतो ना आपण?"

अब्बा खाडीकडे बघत होते. म्हणाले, "तिकडं खोलीत आमी आठजन ऱ्हायचो. जेवान करायची बारी ठरलेली. कुनाला येवो, न येवो, बारी चुकवायची न्हाय. एक पोरगा होता, त्याची आमटी कुत्र्यानं खाल्ली नसती. सगळे म्हनाले, ऱ्हाऊ दे रे, तू बस, आमी करतो. चांगल्या मनानंच म्हनाले. तो खोली सोडून गेला."

"का?"

"ज्याची बारी काडून घेतली, तो त्या खोलीतला ऱ्हात न्हाय. पाव्हना होतो. पाव्हन्यानं किती दिवस ऱ्हावं?"

बोटीच्या इंजिनाचा आवाज मोठा होता, तरी पुढचं त्यांनी हळूच म्हटलेलं मला नीट ऐकू आलं. "इथं मला बारी कुनी देतच न्हाय, बाय."

मला एकदम रडू फुटलं. माझ्या डोळ्यांपुढे ओटीवरची ती खुर्ची आली. आम्ही प्रेमाने त्या माणसाला रोज थोडा थोडा घराबाहेर काढत होतो आणि आम्हाला वाटत होतं आपण त्याचे लाड करतोय. "नका जाऊ," मी म्हणाले. आमच्या घरात कुणी तोंडाने न बोलायची गोष्ट मी सगळ्या बोटीसमोर बोलले. "अब्बा, तुम्ही नका जाऊ." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण जातो की राहतो ते सांगितलं नाही.

घरी पोचल्यावर मी अम्मीला सगळं सांगितलं. ती आधी भडकलीच. "व्हय? इतकी वर्सं तिकडं हातानी करून खाल्लंनी, ते घरी आल्यावर पन करायचा? मी हाय कशाला मंग?" आणि मग तिने डोळ्याला पदर लावला. तिच्यासाठी प्रेम म्हणजे तेच होतं, दुसरं तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

सकाळी अब्बा चहा पिऊन खुर्चीत बसायला निघाले, तशी ती स्वयंपाकघरातून पिशवी घेऊन आली आणि त्यांच्या हातात कोंबली. "मासळी आना. आनि जेवान आज तुमी करा." त्यांच्याकडे न बघता परत आत गेली.

अब्बांनी बांगडे आणले, स्वतः साफ केले आणि त्या आठ जणांच्या खोलीत करायचे तसं सगळं एकाच टोपात घालून शिजवलं. मग आम्हाला दोघींना बसवून वाढलं. अम्मीला कुणी वाढतंय हे मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. तिला हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं. पहिला घास तोंडात घातला आणि ती त्यांच्यावर खेकसली, "ह्यात मीठ कोन घालनार?" इतक्या वर्षांत तिने त्यांना असा आवाज कधी चढवला नव्हता. अब्बा उठले आणि हसत हसत मीठ घेऊन आले.

जेवणं झाल्यावर अब्बा मोरीत टोप घासत असताना त्यांचा फोन वाजला. कंपनीचा होता. त्यांनी ओल्या हाताने तो कानाला लावला.

"नहीं भाई," अब्बा म्हणाले, "अभी नहीं आ सकता. घर पे काम है."

अम्मी तिथेच दाराशी होती. तिने सगळं ऐकलं, नाक ओढलं, आणि शेगडीवरचा तवा उचलून त्यांच्यापुढे आणून ठेवला.

"बोलून झाला असंल, तर ह्यो पन घासा."