मनकर्णाआत्याचं ‘काऊन’

मनकर्णाआत्याचा आवाज काढायचा तर मान कोंबडीसारखी तिरपी करायची आणि ‘का’ विहिरीत दोर सोडल्यासारखा लांबवायचा. "काऽऽऊन वं?" म्हणजे ‘का गं?’ अंजनगावात ती दारोदार भाजी विके, वांगी कमी खपत, प्रश्न जास्त. साता समुद्रापार लढाई लागली आणि कापूस सोन्याच्या भावाला गेला, तेव्हा गाव हरखलं. ही मात्र विचारी, "ते तिकडं भांडून राहिले, मंग आपल्या बोंडाले भाव काऊन?"

त्या हिवाळ्यात, ऐन वेचणीत, गल्लीतल्या तान्ह्यांना आधी उलट्या, मग पाण्यासारखे ढाळ लागले. शकुनचं पोर तर चिंधीसारखं पडलं. टाळू खोल गेली. रडे, पण डोळ्यांत टिपूस नाही, मूतही बंद.

शकुनची सासू पार्वताबाई नाकातून बोले, कमरेवर हात ठेवून. "दात येऊन राहिले त्याले. पाणी काल तोडलं, आता दूधबी तोड. जितकं घालशीन तितकं खालून जाईन!"

आत्याने टोपली उतरवली. "माया तीन वर्साच्या भाच्याले समदे दात हायेत, त्यालेबी हेच लागलं. त्याले काऊन ढाळ?"

"तुले नसत्या चवकशा!"

"बरं, पाणी कालच तोडलं ना? मंग ढाळ काऊन नाई तुटले?"

 शकुनने घाईघाईने पाण्याची वाटी पोराच्या तोंडाला लावली. त्याने सगळं ओकून टाकलं.

"पाह्यलं?" सासू गरजली.

आत्या वाकून पाहत होती. "गटकन देल्लं म्हून का? थेंब थेंब देऊन पाहू. कापूस दे बोळ्याले."

"सोन्याच्या भावाचा कापूस पोराच्या तोंडात?"

 विकायच्या गाठोड्यात हात घालून शकुनने मूठभर कापूस ओढला.

सरकी काढून बोळा झाला. भाताच्या पातळ पेजेत मीठ विरघळवलं. थेंब पिळायचा, थांबायचं. ओकलं तर जरा दम खाऊन पुन्हा थेंब. मधून मधून शकुन अंगावर पाजी. दुसऱ्या दिवशी दुपारी पोर पार्वताबाईच्या मांडीवर होतं, आणि ती एकदम किंचाळली, "मुतला वं माय, मुतला!" ओलं लुगडं तिने गल्लीभर दाखवलं. पोर भोकाड पसरून रडलं. गालावर खरे थेंब.

"मंग दात नव्हते, तं काय व्हतं वं हे?" पार्वताबाईने विचारलं.

"मले काय मालूम? थंडीतच काऊन येते, तेबी समजत नाई." आत्या टोपली उचलून पुढल्या दारी निघाली. तिथलंही पोर आजारी होतं. मागून पार्वताबाई कापसाची मूठ घेऊन धावली, "अवं थांब, बोळा राह्यला!"