कॅमेऱ्याला झेंडूची माळ

दसऱ्यालाही ऑफिसला यावं लागलं, त्यामुळे डोकं आधीच फिरलेलं. गावी आई-बाबा दोघंच असतात. त्यांच्यावर लक्ष राहावं म्हणून मी भिंतीवर उंच कॅमेरा बसवलाय. दुपारी मोबाइलवर पाहिलं तर नुसता झेंडू! फोन केला. आई कौतुकाने म्हणाली, "विळी, शिलाई मशीन, सगळ्यांची पूजा केली. तुझ्या कॅमेऱ्यालाही माळ घातली."

"स्टुलावर चढलीस? पडली असतीस तर मला रजा कोण देणार होतं?" मी ओरडलो.

लांबून केलेली काळजी अशीच नासते; तिचा पहारा होतो.

फोन बाबांनी घेतला. "काढतो माळ. आम्ही पडलो तर तुला दिसायला हवं ना!"

फुलं सरकली. समोर बाबांचा चेहरा, अगदी जवळ. आता स्टुलावर ते चढले होते.