खर्रा आणि अक्षता

"चाल बाबू, उठ," असं म्हणून भाऊ डोळे मिटायचे आणि गप्प व्हायचे. समोर टेबलावरचा प्लास्टिकचा हात जरा आढेवेढे घ्यायचा आणि मग सावकाश मूठ उघडायचा. बाबू हे नाव त्यांनीच ठेवलेलं. आमच्या कागदांवर त्याचं नाव वीतभर लांब आहे.

भाऊ वैनगंगेकाठचे, मार्कंड्याकडचे, मासेमारी करणारे. जांभळाच्या झाडावरून पडले आणि मानेखालचं शरीर लुळं पडलं. ऊर्जानगरात, वीज केंद्राच्या वसाहतीत, धाकट्या भावाच्या क्वार्टरमध्ये, आमच्या शेजारी राहायचे. मी इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब सांभाळते. डोक्यावर तारांची टोपी घालायची, मेंदूतले संकेत कॉम्प्युटरने ओळखायचे आणि त्यावर यांत्रिक हात चालवायचा, असा आमच्या सरांचा प्रयोग होता. भाऊंना विचारलं तर म्हणाले, "बसूनच तं राह्यलो बाई. चाला."

हात हलवतोय अशी कल्पना करा, असं सरांनी सांगितलं. भाऊंनी मनातल्या मनात नदीत जाळं फेकलं. बाबूने पहिल्यांदा मूठ उघडली ती त्या जाळ्यावर. मग तेच कायम झालं.

एकदा बाबू पिसाळल्यासारखा मुठीची उघडझाप करायला लागला. सर वायरी तपासून थकले. माझं लक्ष भाऊंच्या गालाकडे गेलं.

"भाऊ, तोंडात काय आहे?"

"काई नाई."

"आ करा बरं."

खर्रा! सुपारी-तंबाखूचा, भावजयीने लाडाने भरवलेला. जबडा हलला की त्याचेच संकेत टोपीत घुसतात, मेंदूचं बारीक बोलणं ऐकूच येत नाही.

"लय हुशार मशीन आहे बाई, चोरी पकडते."

"कसली हुशार? तिला खर्रा आणि विचार यातला फरक कळत नाही!" मी चांगलीच तापले होते. त्या दिवसापासून सरांनी अशी सोय केली, की स्क्रीनवरच्या संकेतांच्या रेघा गढूळ झाल्या तर बाबूने जागचं हलायचंच नाही.

मग भाऊंच्या मुलीचं लग्न ठरलं. आणि यांनी जाहीर केलं, "पोरीवर अक्षता मी टाकीन." महिनाभर आम्ही बाबूच्या मुठीत तांदूळ भरत होतो. बाबूला 'सावधान' कळत नाही, आणि विचार केल्यावर मूठ उघडायला त्याला वेळ लागतो. म्हणून भाऊंनी हिशेब बसवला, भटजींनी शेवटची ओळ धरली की जाळं फेकायचं. लॅपटॉपवर मूठ उघडायचं एक बटनही होतं. ते त्यांना माहीत होतं.

"बटन दाबाचं नाई बाई. तुमचा हात नाई पाह्यजे मले. माहा पाह्यजे."

गावच्या मांडवात भाऊंच्या खुर्चीपुढे आम्ही बाबूला मांडलं. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं. "चाल बाबू," भाऊ म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं. स्क्रीनवर पाहते तो काय, रेघा थेट खर्र्याच्या दिवशीसारख्या! यंत्राला रडणं आणि खर्रा सारखंच. 'सावधान' झालं, सगळ्यांच्या अक्षता पडल्या, बँड वाजायला लागला, आणि बाबूची मूठ बंदच. माझं बोट बटनावर होतं. भाऊ माझ्याकडेच बघत होते. मी बोट काढून घेतलं आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या.

तेवढ्यात पोरगी गळ्यातल्या हारासकट बोहल्यावरून खाली आली. पदराने बापाचे डोळे पुसले आणि बाबूच्या खाली डोकं वाकवून बसली.

"बाबा, काई घाई नाई. मी बसली आहो इथी."

बँड थांबवला. पंगत थांबली. नवरदेव बिचारा एकटाच उभा. भाऊंनी डोळे मिटले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग रेघा हळूहळू निवळल्या, बाबूने मूठ उघडली आणि पिवळे तांदूळ तिच्या केसांत पडले. मांडवात जो तो रडत होता. मीही.

"बटन?" भाऊंनी विचारलं.

"नाही भाऊ. शपथ."

"लय दूर फेकलं बाई आज," ते म्हणाले.

पुढच्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला आणि भाऊ गेले. बाबू लॅबमध्येच आहे. दुसऱ्या कुणी टोपी घातली तर ढिम्म हलत नाही, कारण त्याला एकच जाळं शिकवलेलं आहे. नव्या माणसासाठी ते पुसावं लागतं. सरांनी दोनदा सांगितलं. तुम्ही माझ्या जागी असता तर पुसलं असतं का? मी अजून पुसलेलं नाही. भाऊंचं जाळं फेकणं आता तेवढंच शिल्लक आहे.