सुदामरावांचा चौथा कॅन

"मिस्त्री, गाडी धरली. सुदामराव दूध घिऊन रस्त्यावर बसल्यात," एसटीच्या कंडक्टरनं गॅरेजच्या दारातून निरोप दिला. आदल्या संध्याकाळीच ती गाडी मी 'सुधारून' दिली होती.

सुदामराव वडगाव निंबाळकरचे. घरोघरचं दूध गोळा करून मोटरसायकलवर चार कॅन लादायचे आणि बारामतीच्या चिलिंग सेंटरला पोचवायचे. रोज उशीर व्हायचा. आणखी एकदा झाला तर दूध घेणार नाही, अशी तंबी सेंटरच्या साहेबांनी दिली होती.

"चढाला लई दम टाकती. जरा हवा वाढवा की तिची," ते म्हणाले होते.

कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारं भांडं. त्यातली हवेची वाट मी घासून रुंद केली, पॉलिश पेपरनं गुळगुळीत केली. बाजारातून एक चक्कर मारली. गाडी नुसती भिंगरी! माझीच पाठ मी थोपटून घेतली.

पण हवा वाढवली की पेट्रोलही वाढवावं लागतं. पेट्रोल सोडणारं जेट, म्हणजे बारीक भोकाचा पितळी स्क्रू, मी जुनंच ठेवलं होतं. रिकाम्या गाडीनं ते खपवून घेतलं. भरल्या कॅनखाली इंजिन तापलं आणि पिस्टन सिलिंडरला चिकटला. यालाच आम्ही गाडी धरली म्हणतो.

स्कूटर घेऊन पोचलो. मे महिन्याचं ऊन. स्कूटरवर तीनच कॅन बसणार होते.

"मागं कुठला ठेवू?"

"त्यो कडंचा ऱ्हाऊंद्या. माझ्या घरचा हाय. लोकांचं आधी न्या."

कसाबसा वेळेत पोचलो; तिन्ही कॅन सेंटरनं घेतले. परत जाऊन चौथा आणि सुदामरावांना घेऊन आलो. साहेबांनी झाकण उघडून वास घेतला.

"आंबलंय. परत न्या."

मला मान वर करवेना. "चूक माझी हाय, सुदामराव."

"व्हय, तुमचीच," ते म्हणाले. "पण मुद्दाम न्हाय केली. आता नीट करा."

दुसऱ्या दिवशी नवा पिस्टन बसवला, मोठं जेट घातलं. मग चारही कॅन पाण्यानं भरले आणि भर दुपारी वडगावपर्यंत जाऊन आलो. प्लग काढून पाहिला. कॉफीच्या रंगाचा, म्हणजे हवा-पेट्रोलचं जमलं. मगच किल्ली दिली.

पुढं बरेच दिवस लोक मला पाणीवाला मिस्त्री म्हणत. म्हणोत. रिकामी गाडी मेकॅनिकची खुशामत करते. खरं काय ते ओझं लादल्यावरच सांगते.