रेडिओ गप्प बसतो तेव्हा

माझ्या शिवणकामाच्या दुकानासमोर एक सलून आहे. दोन खुर्च्या, एक लांबलचक आरसा आणि अखंड बडबड. सलूनवाल्याला सगळी गल्ली रेडिओ म्हणते, तोंडावर म्हणते, आणि त्याला राग येत नाही. गिऱ्हाइकाच्या मानेला फडकं बांधायच्या आत याचं सुरू. कुणाचं लग्न फिसकटलं, कुणाचं छत गळायला लागलं, कुणाच्या टकलावर कुठल्या तेलाची मात्रा चालली नाही. गालावर वस्तरा फिरत असताना समोरचा उत्तर देऊ शकत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. माझ्या मशीनच्या खडखडाटातही त्याचा शब्द न् शब्द मला ऐकू येतो. डोकं उठतं अगदी.

अशा माणसाच्या पोटी अवाक्षर न काढणारी मुलगी आली. आम्ही तिला ठकी म्हणतो. पाचवं वर्ष सरत आलं तरी हाक मारल्यावर वळायची नाही, नजरेला नजर द्यायची नाही. केस झाडायचा झाडू दिसला की त्याची एकेक काडी निरखत बसायची. केस वाळवायचं मशीन लागलं की कान दाबून टेबलाखाली. तिची आई बिस्किटांच्या कारखान्यात पाकिटं भरायला जाते, म्हणून पोर दिवसभर सलूनमध्येच. गल्लीत सल्ल्यांना काय तोटा? एक म्हणाली, दृष्ट काढा. दुसरी म्हणाली, बाप तिच्या वाट्याचंही बोलून टाकतो, ती काय बोलणार कपाळ? ही दुसरी म्हणजे मी.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ऑटिझम आहे, स्वमग्नता. आत्तापासूनच शिकवायला लागा. शिकवणारं केंद्र होतं इस्पितळाला लागून, म्हणजे बसनं जाण्यायेण्यात अख्खा दिवस. रोज कोण जाणार? इकडे बालवाडीच्या बाईंनी आदल्या वर्षीच हात जोडले होते. "माझ्याकडे खोलीभर मुलं आणि मी एकटी. हिला काही हवं असेल तर ते हिनं कसंही करून कळवलं पाहिजे. बोललं नाही तरी चालेल, खूण करू दे. तेवढं जमलं की आणा." यंदाही त्यांनी नाही म्हटलं असतं, तर पुढच्या वर्षी ठकीचं बालवाडीचं वय उलटलं असतं. मग तो झाडू आणि ती टेबलाखालची जागा, एवढंच तिचं जग. रेडिओला धास्ती होती ती याचीच.

अशात आरोग्य केंद्रातल्या ताई दर आठवड्याला यायला लागल्या. अशा मुलांना घरच्या घरी कसं शिकवायचं, याचं प्रशिक्षण त्यांना मिळालं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी काही शिकवलंच नाही, नुसत्या बघत राहिल्या. मीही हातातला ब्लाउज घेऊन तिथेच ठाण मांडलं. केस ओले करायची फवाऱ्याची बाटली ठकीच्या भारी आवडीची. ती जवळ आली रे आली की रेडिओ तिच्या हातावर फवारा मारायचा आणि वर, "काय हवं माझ्या राणीला? फुस हवं? गार गार हवं? घे, घे, अजून घे!"

"तिला मागायला तुम्ही जागाच कुठे ठेवता?" ताई म्हणाल्या.

रेडिओचा चेहरा पडला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे हे माझ्यामुळेच ना? मावशी म्हणतात तसं?"

"मुळीच नाही. ती जन्मापासूनच अशी आहे, तुमच्या बोलण्यानं नाही झाली. पण तिला वेळ लागतो. तुम्ही एकच शब्द बोला, फुस. बाटली हातात धरा आणि थांबा. तिनं हात पुढे केला, नुसतं बघितलं, तरी लगेच फवारा द्या."

मी खाली मान घालून हुक लावत बसले.

इथे स्वभाव आडवा आला. रेडिओला कमी बोलणं माहीतच नाही. एक तर धो धो, नाहीतर एकदम बंद. दुसऱ्या दिवसापासून त्यानं तोंडाला कुलूप घातलं. ठकीशी तर नाहीच, गिऱ्हाइकांशीही नाही. सलूनमध्ये फक्त कात्रीचा आवाज. लोक घाबरले. एकानं मला येऊन हळूच विचारलं, "यांच्यात कुणी गेलं का हो?" दुसऱ्याला वाटलं आपलंच काही चुकलं, तर तो अर्ध्या दाढीनिशी माफी मागायला लागला! ठकी तर पार बिथरली. सारखी बापापाशी जायची, त्याची हनुवटी ओढायची, ओठांवर थापट्या मारायची. तो बाटली पुढे करायचा आणि ती बाटली ढकलून द्यायची. मला वाटलं, पोर दिवसेंदिवस चिडकी होत चाललीय.

पुढच्या भेटीत ताईंनी त्याला चांगलंच झापलं. "थांबा म्हटलं होतं मी, मौन धरा नव्हे! कानावर शब्दच पडले नाहीत तर पोर शिकणार कशावरून? गिऱ्हाइकांशी वाट्टेल तेवढं बोला. तिच्याशी थोडं बोला आणि मग तिची पाळी येऊ द्या."

मग खरं काम सुरू झालं. फुस म्हणायचं आणि थांबायचं. थांबताना तो ओठ चावायचा, पाय हलवायचा, आणि अगदीच राहवलं नाही की तोंडावर हात दाबून धरायचा. मी समोरून दटावायचे, "हं, फुटू नकोस!" कितीतरी दिवस काहीच घडलं नाही. आणि एका दुपारी ठकीनं ती बाटली उचलून बापाच्या हातात दिली आणि आपला तळवा पुढे केला. त्या खुर्चीतल्या बिचाऱ्या गिऱ्हाइकाला तोंडाला फेस लावून किती वेळ बसावं लागलं, ते विचारू नका.

बालवाडीत जायच्या दिवशी ठकीच्या आईला कारखान्यातून सुटी मिळाली नाही, म्हणून बापलेकीबरोबर मी गेले. बाटली पिशवीत घेतली होती, फुसची रीत बाईंना सांगितली. नवी खोली, पोरांचा गलका. ठकी कान दाबून दाराशीच उभी. बाईंनी बाटली हातात घेतली, "फुस?" म्हणाल्या आणि थांबल्या. चांगल्या थांबल्या, ते मानलं मी. ठकीनं बाटलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. रेडिओच्या जिभेवर काय काय आलं असेल ते मला कळत होतं. घरी करते हो, कालच केलं, परवाही केलं. पण त्यानं तोंडावर हात दाबला. डोळे भरून आले त्याचे. माझाही जीव तुटला. गेलं, म्हटलं, हेही वर्ष गेलं.

तेवढ्यात ठकी वळली. बापापाशी गेली. त्याचा तोंडावरचा हात तिनं दोन्ही हातांनी धरून खाली ओढला, ओठांवर एक थापटी मारली आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

सलून मुकं झालं होतं त्या दिवसांत तिला बाटली नकोच होती, हे मला तेव्हा उमगलं.

"अहो, मागतेय ती," बाई म्हणाल्या. "द्या ना."

"काय देऊ?" त्यानं विचारलं.

"बोला!"

जन्मात पहिल्यांदा त्याला शब्द सापडेना. मी कोपरानं ढोसलं, "बोल की रे, एरवी कान किटवतोस आमचे!" तेव्हा तो खाली बसला आणि रडत रडत तिला कालच्या गिऱ्हाइकाच्या टकलाची गोष्ट सांगायला लागला. ठकी त्याच्या खांद्याला टेकून उभी राहिली. खोलीत गलका तेवढाच होता, पण तिनं कान दाबले नाहीत.

"उद्यापासून घेऊन या," बाई म्हणाल्या. "बाबांनी मात्र थोडे दिवस दाराशी बसायचं. आणि गप्प नाही बसायचं."