सदर जाहिरातीबाबत

नोएडातल्या आमच्या ऑफिसात लोकांचा राग रंगांत वाटला जातो. कंपन्यांच्या जाहिरातींखाली कोण काय लिहितं ते वाचायचं आणि खूण करायची. हिरवी म्हणजे कौतुक, पिवळी म्हणजे नाराजी, लाल म्हणजे शिवीगाळ किंवा आणखी काही घाण. हिरव्याला एक बदाम पाठवायचा. पिवळ्याला ठरलेलं उत्तर द्यायचं: 'आपल्या भावना पोहोचवल्याबद्दल धन्यवाद. आम्ही त्यांची नोंद घेतली आहे.' आणि लाल असेल ते लपवायचं. लपवलेली कॉमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या ओळखीपाळखीच्यांना दिसत राहते, बाकीच्यांना दिसत नाही. आपण जगाला खडसावलं असं त्या माणसाला वाटतं, आणि जग आपलं कामाला लागलेलं असतं. आठ भाषांची माणसं आहेत तिथे. मराठीची मी एकटी.

ती जाहिरात अंगदुखीच्या मलमाची होती. शाळेच्या मैदानावर एक मुलगा पडतो. बाप म्हणतो, मर्द आहेस ना, मग रडतोस काय? मुलगा रडू गिळतो, मोठा होतो, त्याचा खांदा दुखायला लागतो. बायको विचारते तर 'काही नाही' म्हणतो. शेवटी त्याचा स्वतःचा मुलगा पडतो, तेव्हा तो गुडघे टेकून त्याला विचारतो, दुखतंय का? मलम जेमतेम शेवटी दिसतं. मलमाच्या कंपनीला पुरुषांच्या दुखण्याचा कळवळा यावा यात नवल काही नव्हतं, धंदाच तो. पण जाहिरात वाईट नव्हती, हेही सांगायला हवं.

पहिल्या दिवशी बायका आल्या. रडू आलं, असं त्यांनी लिहिलं आणि खाली आपापल्या नवऱ्यांना बोलावलं. नवरे काही आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले ते दुसऱ्यांचे नवरे. मलम विका, अक्कल विकू नका. बायका काय कमी छळतात, त्यांच्यावरही काढा एखादी. आम्हाला बापाने बदडलं म्हणून आम्ही माणसं झालो, हे तर इतक्यांनी लिहिलं की मला ते वाचून वाचून पाठ झालं. माणसं झाल्याचा पुरावा म्हणून लगेच खाली आईबहिणीवरून शिव्या. एकाने मलमाची अख्खी ट्यूब गटारात पिळतानाचा व्हिडिओ टाकला. ट्यूब कोरी करकरीत होती, म्हणजे बहिष्कार टाकायला त्याने आधी ती विकत आणली होती. जाहिरातीच्या बाजूने भांडणारेही काही कमी नव्हते. समोरच्याच्या आईने त्याला कसं वाढवलं यावर तेही तेवढ्याच उत्साहाने बोलत होते. या सगळ्या गदारोळात कुणीतरी नुसतंच 'माझाही खांदा' असं लिहिलं. मी त्याला कोणता रंग द्यावा याचा विचार करते तोवर त्याने ते पुसूनही टाकलं.

"मैडम, आपके मराठी वाले तो बहुत गरम हैं," आमचा टीम लीडर म्हणाला. तो मेरठचा. त्याच्या हिंदीवाल्यांनी तर कंपनीच्या मालकाला पाकिस्तानात पाठवलं होतं, पण ते त्याला गरम वाटत नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी ही कॉमेंट आली:

'१. सदर जाहिरात दोन वेळा पाहिली. २. जाहिरातीत वडिलांना निष्ठुर दाखविले आहे, ते वस्तुस्थितीस धरून नाही. ३. माझा मुलगा चौथीत असताना पडून त्याचा हात मोडला होता. त्यास रडावयाचे नाही असे सांगितले. तो रडला नाही. आज तो मोठ्या कंपनीत मॅनेजर आहे. ४. सबब, जाहिरात मागे घ्यावी. पोच द्यावी.'

फोटोच्या जागी गुलाबाचं फूल. मला नाव वाचायची गरजच पडली नाही. मलमाच्या जाहिरातीला चार मुद्द्यांत कळवून वर पोच मागणारा माणूस अख्ख्या दिल्लीत एकच आहे. तो मयूर विहारमध्ये राहतो आणि मी त्याला बाबा म्हणते. जन्मभर एका मंत्रालयात फायलींवर इंग्रजी-हिंदीत शेरे लिहिले, निवृत्तीनंतर आता तेच मराठीत चालू आहे. मी कुठे काम करते ते त्यांना माहीत आहे, पण तिथे मी नेमकं काय करते ते त्यांनी कधी विचारलेलं नाही.

तिसरा मुद्दा मी पुन्हा वाचला. तो खोटा होता आणि त्यातलं खोटं माझं होतं.

तेव्हा आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. मी बारा वर्षांची, भाऊ नऊ. एका संध्याकाळी तो खेळताना कठड्यावरून पडला. शेजारपाजारचे सगळे जमले: बंगाली, तमिळ, बिहारी, सगळे बाबांच्याच दर्जाचे साहेब. बाबांनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "रडायचं नाही." त्यांना हे त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं, विदर्भातल्या आमच्या गावात, आमच्या वस्तीत. आपण रडलो की गावाला बरं वाटतं, असं आजोबा म्हणायचे. ते खरंच होतं. पण लक्ष्मीबाई नगर म्हणजे ते गाव नव्हतं, आणि ते बंगाली काका आपली गाडी काढायला तयार होते.

भाऊ रडला नाही. लोक पांगल्यावर तो तोंड धुतो म्हणून बाथरूममध्ये गेला. बाबा मला म्हणाले, "बघ गं, रडतोय का." दार नुसतं लोटलेलं होतं. तो माझ्याकडे पाठ करून जमिनीवर बसला होता. तोंडात टॉवेल कोंबलेला आणि सगळं अंग हलत होतं. मी बाहेर आले आणि म्हटलं, "नाही, बाबा." भाऊ हरू नये असं मला वाटलं होतं. रडत नाही म्हणजे हात मोडलेला नाही, असं ठरलं. सुजेवर हळद लावली आणि दोन दिवसांनी एक्स-रे काढला. त्याचा डावा हात आजही कोपरातून सरळ होत नाही.

नियमाप्रमाणे ती कॉमेंट पिवळी होती. मी पिवळी खूण केली आणि ठरलेलं उत्तर गेलं. संध्याकाळी मेट्रोत असतानाच बाबांचा फोन आला.

"कंपनीने दखल घेतली बरं का! नोंद घेतली म्हणून कळवलंय."

'नोंद घेतली' एवढ्या दोन शब्दांवर त्यांनी स्वतः किती जणांची बोळवण केली असेल, त्याला गणती नाही. पण स्वतःच्या अर्जावर तेच शब्द आले की माणूस विश्वास ठेवतो. मी "अच्छा, छान," म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या कॉमेंटखाली 'सलाम काका' वाले जमले होते आणि 'बिचारा मुलगा' वालेही. त्यांत एक अंगठा माझ्या भावाचा होता. त्याला ते आवडलं होतं म्हणे! तोवर बाबांचं स्मरणपत्रही येऊन पडलं: 'मुलगा रडला नाही याची खात्री त्याच वेळी माझ्या मुलीमार्फत करून घेतली होती. ती याची साक्षीदार आहे.' मी त्यावर लाल खूण केली, लपवलं. त्यात शिवी नव्हती, घाणही नव्हती. इतक्या वर्षांत नियम मोडला तो तेव्हाच. अर्थात भावाला ते दिसत राहणारच होतं. दहा मिनिटांत तिथेही त्याचा अंगठा आला.

मला भयंकर राग आला, आणि तो आधी भावाचाच आला. जिन्यात जाऊन मी त्याला फोन लावला.

"लाइक कशाला केलंस?"

"अगं ताई, जाऊ दे ना यार. बाबा खूश होतात."

"तू रडत होतास."

तो म्हणाला, "तू बघितलं होतंस?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

तो चिडून म्हणाला असता तर मी भांडले असते. त्याने अगदी साधं विचारलं, एखादी वस्तू कुठे ठेवलीस असं विचारावं तसं. मीटिंग आहे म्हणून त्याने फोन ठेवला.

रविवारी मी मयूर विहारला गेले. आई खाली भाजी आणायला गेली होती. बाबांनी कंपनीच्या उत्तराचा प्रिंट काढून फायलीला लावला होता, तो दाखवला. कंपनीचं ते उत्तर मीच पाठवते, हे मी त्यांना सांगितलं. मग म्हटलं, "बाबा, तो त्या दिवशी रडत होता. मी खोटं बोलले."

मी सगळ्याची तयारी ठेवली होती. ते ओरडतील, माझ्यामुळे पोराचा हात वाकडा राहिला म्हणतील, किंवा छातीवर हात ठेवून बसतील. त्यांनी फाइल बंद केली.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "मी पॅसेजमध्येच उभा होतो. ऐकू येत होतं."

"मग मला बघायला कशाला पाठवलंत?"

ते फायलीची दोरी बोटाला गुंडाळू लागले. "मी आत गेलो असतो तर मला त्याला जवळ घ्यावं लागलं असतं," ते म्हणाले. "मला ते जमत नव्हतं. तू नाही म्हणालीस. मी तेच धरून चाललो."

इतकी वर्षं मी स्वतःला जे बोल लावले होते, त्यातले अर्धे त्यांचे होते आणि त्यांनी ते घ्यायला कधी हात पुढे केला नव्हता. मला त्यांची कीव आली नाही. राग मात्र आला, चांगलाच आला. मी भावाला फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला.

"हां बाबा, सगळं ठीक?" भावाचा आवाज मला ऐकू आला.

"त्या दिवशी तू रडत होतास," बाबा म्हणाले. "मी दाराबाहेर होतो. आत आलो नाही."

त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला, त्यामुळे भाऊ काय म्हणाला ते मला कळलं नाही. तो बोलत होता एवढं खरं. आई भाजी घेऊन आली, तिने पिशवी ओट्यावर ठेवली, मला खुणेने विचारलं कोण आहे, तरी तो बोलतच होता. बाबा उभे राहून ऐकत होते.