तात्याबाची बहीण

वीरधवल बोलावणं देऊन गेला तेव्हापासून रंगुबाईला एका जागी बसवेना. शंभरीला टेकलेली म्हातारी, पण कराडशेजारच्या मलकापुरातल्या दोन खोल्यांत काठी टेकत सारखी आत-बाहेर करत होती. वीरधवल तिच्या भावाचा नातू. कडेगावकडच्या त्यांच्या गावात तिच्या भावाचं, तात्याबाचं, स्मारक उभं राहिलं होतं आणि उद्घाटनाला सख्खी बहीण पाहिजे, असं त्याचं म्हणणं. ज्या घरानं उभा जन्म तिचं नाव काढलं नव्हतं, त्या घरचं हे पहिलं बोलावणं.

"जायाचं न्हाई," सकाळी ती नातसुनेला, अंकिताला म्हणाली. दुपारी विचारलं, "गाडी सांगितलीस का?"

इंग्रजांच्या राज्याची ती अखेरची वर्षं. तात्याबा भूमिगत झालेला, उसात लपून राहायचा. अठरा-एकोणीस वर्षांची रंगू डोक्यावर पाटी घेऊन त्याला भाकरी पोचवायची. एकदा ओढ्याजवळ पोलीस शिपायानं तिला अडवलं. लालासाहेब त्याचं नाव. शिरवळकडचा, नुकताच चौकीवर आलेला. त्यानं पाटीवरचं फडकं उचललं. एकट्या बाईला एवढ्या भाकरी कशाला, हे त्याला कळलं नसेल असं नाही. फडकं पुन्हा नीट झाकून तो म्हणाला, "बांधाबांधानं जावा. चौकीवरनं ही वाट दिसती."

तिथून सुरू झालं. त्याची जात वेगळी, अंगावर सरकारी खाकी. दोहोंतलं एकही घरात चालणारं नव्हतं. तरी रंगू ओढ्याला जायला निमित्त शोधायची. धाड पडायची असली की तो आधी सांगायचा आणि ती तात्याबाला जागा बदलायला लावायची. खबर आणतेस कुठनं, असं त्यानं विचारलं की म्हणायची, "पाणवठ्यावर बाया बोलत्यात."

शेवटी कुणीतरी दोघांना पाहिलंच. शिपाई पोरीच्या तोंडून भूमिगतांचा ठावठिकाणा काढतोय, असा गावानं अर्थ लावला. एका संध्याकाळी लालासाहेबाला ओढ्यात धरून आडवा पाडला. रंगू धावत पोचली तेव्हा त्याच्या तळपायांवर काठ्या पडत होत्या आणि त्यातली एक तात्याबाच्या हातात होती.

ती मधे पडली. "त्यो मला भेटाया येतो! आन तुमी आज जित्तं हायसा ते त्याच्यामुळं. समद्या धाडींचा सांगावा त्यानंच दिला!"

मारणारे थांबले. तात्याबाच्या कानात मात्र तिचं पहिलंच वाक्य शिरलं होतं. तिच्याकडं न बघता तो म्हणाला, "ह्याला घे आन जा. मला बहीण न्हाई."

खांद्याचा आधार देत तिनं लालासाहेबाला चालवत नेलं. नोकरी सोडून पळाला म्हणून पोलीस मागं, शिपाई म्हणून गाव मागं. वर्षभर दोघं या पाहुण्याकडून त्या पाहुण्याकडं हिंडली. मग स्वातंत्र्य आलं. तात्याबा स्वातंत्र्यसैनिक झाला, लालासाहेब कराडच्या गूळबाजारात हमाल. लंगडत लंगडत त्यानं पोरं वाढवली आणि त्या सांगाव्यांबद्दल कुणाला काही न सांगता वारला. एकदा एसटी स्टँडवर तात्याबा समोरासमोर आला होता. ती "दादा" म्हणेपर्यंत त्यानं पाठ फिरवली होती.

उद्घाटनाला ती गेली. मांडवात पाहुणे सांगत होते, तात्याबांनी पोलिसांना दरवेळी कसं चकवलं. रंगुबाई खुर्चीवरून उठली. वीरधवल लगबगीनं वाकला.

"आज्जी, दोनच शब्द बोला. मोठी माणसं बसल्यात."

तिनं माईक धरला. "माझा भाऊ शूर व्हता. पण त्यानं कुणाला चकवलं न्हाई. त्याला सांगावा यायचा. चौकीतला शिपाईच द्यायचा. लालासाहेब त्याचं नाव. माझा नवरा. त्याचं पाय ह्याच गावानं मोडलं."

पुढच्या रांगेतला तिचा एक भाचा, तात्याबाचा मुलगा, उठून बाहेर गेला. टाळी वाजवावी की नाही, हे कुणाला कळेना.

जेवायला थांबा, असं वीरधवल म्हणाला, पण ती थांबली नाही. गाडीपाशी येऊन तो हळूच बोलला, "आवं, हे आधी सांगायचं व्हतं."

"कुणाला रं? तुझ्या घरात ऐकणार कोण व्हतं?"

गाडी निघाल्यावर अंकितानं तिचा हात धरला. "आता बरं वाटतंय ना, आज्जी?"

"न्हाई गं," रंगुबाई म्हणाली. "दादानं ऐकाया पायजे व्हतं."

कराड येईपर्यंत ती खिडकीची काच खाली-वर करत राहिली.